सरांचे हात

सरांनी झुवैनाच्या हातातून मास्क काढून घेतला, तेव्हाच मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. सालिम टेबलावर निपचित पडला होता. सालिम म्हणजे आमचा रबरी बाहुला, कमरेच्या वरचा तेवढाच. मस्कतमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या ट्रेनिंगच्या खोलीत तो दिवसातून कितीतरी वेळा मरायचा आणि नशिबात असेल तेव्हा जगायचा. हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं, याची परीक्षा त्याच्यावर व्हायची. दर दोन वर्षांनी ती सगळ्यांनी द्यायची, मग ती काल लागलेली नर्स असो की केस पिकलेला सर्जन. नापास झालं तर लायसन्सचं नूतनीकरण नाही, आणि लायसन्स नसेल तर पेशंटला हात लावायचा नाही. मी तिथे भूल देणारी डॉक्टर होते आणि ही परीक्षा घेण्याची जबाबदारीही माझ्यावर होती.

त्या दिवशी माझ्यासमोर परीक्षेला उभे होते डॉ. त्र्यंबक हिर्लेकर, निवृत्तीनंतर करारावर आमच्या हॉस्पिटलात आलेले. माझे सर. ज्यांनी भुलीची पहिली सुई माझ्या हातात दिली आणि लगेच काढूनही घेतली, तेच.

या परीक्षेत लीडरचं काम दिसायला सोपं असतं. त्याने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. कोणी काय करायचं ते नाव घेऊन सांगायचं. ज्याला सांगितलं त्याने ते परत म्हणून दाखवायचं, करायचं, आणि झालं की ‘झालं’ म्हणायचं. लीडरने नुसतं बघायचं आणि विचार करायचा. कारण तोही छाती दाबायला लागला, तर त्या खोलीत विचार करायला कोणी उरत नाही.

सर पायथ्याशी उभे राहिले खरे, पण त्यांची बोटं शिवशिवत होती. झुवैना ही आमची तरुण ओमानी नर्स. ती सालिमच्या तोंडावर मास्क धरून त्याला श्वास देत होती आणि चांगलं करत होती. सरांना काय वाटलं कोण जाणे, दोन ढांगांत ते तिच्यापाशी पोचले. “आण इकडे,” म्हणाले. तिला मराठीचा गंधसुद्धा नव्हता, पण ती बरोबर बाजूला झाली. मग सरांनी छाती दाबणाऱ्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, कोपराने सरकवलं आणि छातीही स्वतःच दाबली. मग शॉकच्या मशीनचं बटण दाबलं. मग औषध भरलं. बाकीचे तिघे भिंतीला टेकून लग्नातल्या फोटोसारखे उभे. सालिम जगला. सर घाम पुसत माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं ते समाधान दिसलं.

कॉलेजात त्यांच्या माघारी आम्ही त्यांना ‘आणइकडे सर’च म्हणायचो. माणूस हाडाचा शिक्षक, पेशंटसाठी जीव टाकणारा, हात असा की सुई आपणहून जागा शोधायची. पण दुसऱ्याच्या हातात काही दिसलं की त्यांना राहवायचं नाही. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि निम्मं शास्त्र त्यांच्या खांद्यावरून डोकावून शिकले. त्याचा राग यायचा. रडूही यायचं कधी कधी, पण ते कपडे बदलायच्या खोलीत. सरांसमोर आम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून असायचो. त्यांनी “काय?” म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काही नाही सर.”

आणि आता याच माणसाला मला निकाल सांगायचा होता. मी त्यांना शेजारच्या खोलीत नेलं. चहा मागवला. उन्हाळ्याबद्दल बोलले. काकूंची चौकशी केली. शेवटी म्हटलं, “सर, आपण पुन्हा एकदा बघू या.”

“म्हणजे नापास,” सर म्हणाले.

“हो सर.”

“चूक काय झाली?”

“चूक काहीच झाली नाही. सगळं बरोबर केलंत. पण सगळं तुम्हीच केलंत.”

“पेशंट वाचला की नाही?”

“तो बाहुला होता सर.”

सरांनी कप खाली ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते चिडले नाहीत, नुसतेच खिडकीबाहेर बघत बसले. नियमाप्रमाणे त्यांना आणखी एक संधी मिळणार होती, पंधरवड्यात. त्यातही जमलं नाही तर हॉस्पिटल त्यांचा करार संपवणार होतं आणि त्यांना गावी परत जावं लागणार होतं.

आता हे सगळं सरांच्या गळी उतरायला अवघड होतं, याचं कारणही होतं. आमच्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, डॉक्टरांचं शिक्षण चालू राहावं म्हणून गुण गोळा करायचे असतात. चांगलीच सोय आहे ती. पण ती व्हायची कशी, तर एका हॉलमध्ये जमायचं, दिवे मंद करून पडद्यावर चित्रं बघायची, मागच्या रांगेत डुलकी काढायची, आणि जेवून घरी यायचं. त्या गुणांत गुलाबजामचा वाटा मोठा. शिवाय सर तर तिथे भाषण द्यायला जायचे. आयुष्यभर परीक्षा घेणारा माणूस स्वतः परीक्षेला बसतो, तेही निवृत्तीनंतर, तेही एका बाहुल्यापुढे, हे त्यांना थट्टेसारखं वाटत होतं. आमचे इजिप्शियन सहकारी डॉ. हिशाम बरीच वर्षं इंग्लंडात काढून आले होते. त्यांनी एकदा सरांना सांगितलं की तिकडे दर पाच वर्षांनी डॉक्टरबद्दल त्याचे पेशंट आणि सोबतचे लोक लिहून देतात. खुद्द हिशामबद्दल एका बाईने लिहिलं होतं, डॉक्टर चांगले आहेत पण फार जोरात हसतात. आपल्याबद्दल कोणी काय लिहिलं असतं, याचा सर हिशोब करत असावेत असं मला तेव्हा वाटलं.

त्याच संध्याकाळी सुलभाकाकूंचा फोन आला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. कॉलेजात आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, मस्कतला आल्यावर त्यांनीच ते बंद करायला लावलं. सरांच्या निवृत्तीनंतर हे दोघं आठ-नऊ महिने घरी होते. त्या काळाबद्दल काकू कोणाशी फारसं बोलत नसत.

“हेमांगी, तू यांना नापास केलंस ते बरंच केलंस,” त्या म्हणाल्या. “पण आता काय वाट्टेल ते करून पास कर बाई. मागच्या वेळी घरी बसले होते ना, माझ्या हातातून उलथनं काढून घ्यायचे. म्हणे पोळी अशी नाही उलटायची. अगं, चाळीस वर्षं माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या या माणसाने.”

मी म्हटलं, पास करणं माझ्या हातात नाही. दुसऱ्या वेळी परीक्षा डॉ. हिशाम घेतील, मी तसं कळवूनच टाकलंय. आपल्या गुरूची परीक्षा आपणच घ्यायची म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण सराव करून घेऊ शकते.

“मग शुक्रवारी सकाळी ये,” काकू म्हणाल्या. “थालीपीठं करते.”

शुक्रवारी तिकडे सुट्टी. सरांच्या फ्लॅटमध्ये काकूंनी ओमानी पद्धतीचा एक भला थोरला लोड घेतला होता, तो सालिम झाला. मिक्सर झाला शॉकचं मशीन. छाती दाबायला काकू, मशीनवर मी, पायथ्याशी सर. पहिल्या मिनिटातच सर पुढे सरकले आणि काकूंना म्हणाले, अशी नाही दाबत, आण इकडे.

काकू उठल्या, आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. काठोकाठ भरलेले. एक त्यांनी सरांच्या उजव्या हातात दिला, एक डाव्या. “आता दाबा,” म्हणाल्या.

त्या सकाळी सरांनी एक पायजमा आणि एक गालिचा खराब केला. पण जित्याची खोड म्हणतात तीसुद्धा गरम चहापुढे थोडी नमते. पुढच्या शुक्रवारपर्यंत काय थांबणार, एक दिवसाआड मी ड्यूटी संपली की जातच होते. हळूहळू सर जागचे हलेनासे झाले. आधी कपांच्या भीतीने, मग कपांशिवाय, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरून. फक्त हुकूम द्यायचा आवाज चढा होता. तो मी खाली आणला. आणि एक गोष्ट शिकवायला मला सगळ्यात जड गेली. लीडरने मधूनमधून विचारायचं असतं, माझ्याकडून काही सुटतंय का, कोणाला काही वेगळं दिसतंय का.

“हे विचारायचं कोणाला?” सर म्हणाले.

“सगळ्यांना. नर्सलासुद्धा.”

“आणि मग ते सांगतात?”

“सांगितलं पाहिजे सर. नियमच आहे. लीडर चुकला आणि कोणी बोललं नाही, तर चूक त्यांचीही.”

हे मी त्यांना अगदी ठसक्यात सांगितलं. शेकडो लोकांना आजवर सांगितलं होतं, घोटून घोटून.

परीक्षेच्या सकाळी एक ब्रदर आजारी पडला. माणूस कमी. माझंही प्रमाणपत्र त्याच महिन्यात संपत होतं, परीक्षा घेणाऱ्यांनाही ते चुकत नाही. डॉ. हिशाम म्हणाले, मग तुमचंही आजच उरकून टाकू, तुम्ही डॉ. हिर्लेकरांच्या टीममध्ये उभ्या राहा. मला काय, मी उभी राहिले. आमच्या केंद्रात लीडरइतकेच टीममधल्या माणसांनाही गुण असत, पण ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझा सगळा जीव सरांच्या हातांवर लागला होता.

सर पायथ्याशी उभे राहिले. हात मागे. चेहरा घामेजलेला, पण आवाज शांत. “झुवैना, छाती दाबायला सुरुवात कर.” झुवैनाने परत म्हटलं आणि सुरुवात केली. श्वास द्यायला दुसरी एक नर्स. “साखळकर, मशीन जोड.” मी म्हटलं, मशीन जोडते. जोडलं. त्याच्या पडद्यावरची हृदयाची रेघ वेडीवाकडी थरथरत होती, तशा रेघेला शॉक देतात. सरांनी सांगितलं, मी दिला. पुन्हा छाती दाबणं. औषध. नाव घेऊन, एकेक करून, सगळं घड्याळासारखं. मध्ये एकदा झुवैनाचा वेग थोडा कमी झाला तेव्हा सरांचा उजवा खांदा पुढे आला. मी श्वास रोखला. खांदा परत मागे गेला आणि सर नुसतंच म्हणाले, “थोडं जोरात.” मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पडद्यावरची रेघ बदलली. डॉ. हिशामनी मागून बदलली होती. आता ती नीट, ओळीने उड्या मारत होती, पण सालिमची नाडी लागत नव्हती. अशा रेघेला शॉक द्यायचा नसतो, देऊन उपयोगही नसतो. छाती दाबत राहायचं आणि कारण शोधायचं. हे सरांनीच मला शिकवलं होतं, फळ्यावर रेघ काढून. पण त्यांचं अर्धं लक्ष स्वतःच्या हातांवर होतं. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “साखळकर, पुन्हा शॉक.”

मला चूक तत्काळ दिसली. तोंड उघडायचं आणि ‘सर, ही शॉकची रेघ नाही’ एवढं म्हणायचं, बस. पण त्या क्षणी मी पंचेचाळिशीची, दोन देशांत काम केलेली डॉक्टर नव्हतेच. मी त्यांची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होते आणि समोर सर होते. मी म्हटलं, “शॉक देते,” आणि मशीन चार्ज करायचं बटण दाबलं. मशीन कुईं करत चढायला लागलं. झुवैना छाती दाबत होती, तिची पाठ पडद्याकडे. दुसऱ्या नर्सला पडदा दिसतच नव्हता. म्हणजे टीममध्ये माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं, आणि त्या एका शॉकबरोबर सर घरी जाणार होते.

माझा हात बटणापाशी थांबला.

“काय झालं?” सर म्हणाले.

“काही नाही सर.”

खरंच असंच म्हणाले मी.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मागे धरलेल्या हातांची पकड घट्ट झाली असावी, कारण दोन्ही खांदे वर आले.

“तू ‘काही नाही’ म्हणतेस तेव्हा काहीतरी असतं,” ते मराठीतच म्हणाले. मग सगळ्यांना कळेल असं इंग्रजीत, “माझ्याकडून काही सुटतंय. कोणाला दिसतंय? साखळकर, सांग, मी चुकतोय का?”

तीन वर्षांत, आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत, त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी पडद्याकडे बोट केलं. “हो सर. ही शॉकची रेघ नाही.”

त्यांनी पडदा पाहिला. “बरोबर. शॉक रद्द. झुवैना, दाबत राहा. थँक यू, साखळकर.” पुढचं सगळं सुरळीत झालं आणि काही मिनिटांत सालिमची नाडी लागली.

डॉ. हिशामनी सरांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. म्हणाले, चूक तर सगळ्यांकडून होते, तुम्ही विचारलंत, मला एवढंच बघायचं होतं. पास. मी टाळी वाजवली. सगळ्यात जोरात मीच. मग डॉ. हिशाम माझ्याकडे वळले.

“डॉक्टर, तुम्हाला ती रेघ केव्हा दिसली?”

“लगेच,” मी फुशारकीने म्हटलं.

“मग बोलला का नाहीत?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी म्हटलं, ते माझे सर आहेत. डॉ. हिशाम हसले, त्या इंग्रज बाईला खटकलं असेल तसे, अगदी खदाखदा. असे सर आमच्या कैरोतही होते म्हणाले, मला समजतं, पण नियम तो नियम. तुम्ही पुढच्या शनिवारी परत या. झुवैना ओठ दाबून छताकडे बघत होती.

अशा रीतीने ज्यांना मी नापास केलं होतं ते पास झाले, आणि मी नापास. आता मी कोल्हापूरला परत येऊनही बरीच वर्षं झाली, पण तिथल्या जुन्या लोकांचा फोन आला की अजून कोणीतरी हटकून माझ्या त्या शनिवारच्या फेरपरीक्षेची चौकशी करतं.

सर आणि मी पार्किंगपर्यंत बरोबर चालत गेलो. ऊन मी म्हणत होतं. सर म्हणाले, “तुमच्यापैकी कोणी कधी काही बोललंच नाही. मला वाटायचं, यांना येत नाही. म्हणून हातातून घ्यायचो.”

“आम्हाला वाटायचं, तुम्हाला चालणार नाही.”

सर थोडं चालले. “चाललं नसतंच,” म्हणाले, आणि मोकळेपणाने हसले. मीही हसले. इतक्या वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. आणि मग गाडीचं दार उघडताना त्यांनी आपल्या जुन्या आवाजात हुकूम सोडला की येत्या शुक्रवारी सरावाला यायचं, नऊच्या ठोक्याला, उशीर चालणार नाही.

शुक्रवारी लोड तयार होता. काकू दाबायला बसल्या. सर पायथ्याशी. “मी ठरवून दोन चुका करणार आहे,” ते मला म्हणाले. “दोन्ही तिथल्या तिथे सांगायच्या. ‘काही नाही’ म्हणालीस तर थालीपीठ मिळणार नाही.”

त्यांनी ठरवून दोन चुका केल्या. मी पाच सांगितल्या.

सर बोटांवर मोजायला लागले. तेवढ्यात लोड दाबता दाबता काकू म्हणाल्या, “सहा. मी कधीची दाबतेय, मला बदली कोण देणार?”

मी सरांकडे पाहिलं. छाती दाबणारा दमतो आणि लीडरने वेळीच माणूस बदलायचा असतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सर पायथ्याकडून पुढे आले. मला वाटलं, आता म्हणणार, आण इकडे. पण त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना उठवलं, स्वतः गुडघे टेकून खाली बसले आणि दोन्ही हात लोडावर ठेवून मान वर केली.

“साखळकर, आता लीडर तू,” ते म्हणाले. “सांग, काय करायचं?”

मी पायथ्याशी जाऊन उभी राहिले आणि सांगायला लागले. सर प्रत्येक हुकूम परत म्हणत होते.